डोंगरी टप्पा बघायचा कसा: मुंबईतल्या नवख्या प्रेक्षकासाठी

सायकलिंगच्या ग्रँड टूर तीन. मे महिन्यात इटलीची जिरो, जुलैत टूर द फ्रान्स आणि ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत स्पेनची वुएल्ता. प्रत्येकीत 21 टप्पे असतात आणि मधले विश्रांतीचे दिवस धरून ती तीन आठवड्यांहून थोडी जास्त चालते. पहिल्याच वर्षी सगळे टप्पे बघायला बसलात तर चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळाल. त्यापेक्षा डोंगरातले पाच-सहा टप्पे निवडा. एकूण विजेता, म्हणजे सगळ्या टप्प्यांचा मिळून सर्वांत कमी वेळ घेणारा, बहुतेक वेळा तिथेच ठरतो.

डोंगरी टप्पा म्हणजे वजाबाकी. सुरुवातीला पावणेदोनशेच्या आसपास स्वार निघतात, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी तीस-चाळीस उरतात, वर पोचताना दोन नाहीतर तीन. पुढे कोण आहे ते पडद्यावर दिसतंच. मागे कोण गळला, कधी गळला आणि त्याच्या गळण्याने कोणाचं नुकसान झालं, हे ज्याला मोजता येतं त्याला शर्यत कळते. पुढची सगळी तयारी त्या मोजणीसाठी आहे.

घड्याळ आधी लावून घ्या

या तिन्ही शर्यतींच्या वेळी युरोपात उन्हाळी वेळ चालू असते, त्यामुळे आपलं घड्याळ फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या साडेतीन तास पुढे असतं. तिथे दुपारी बारा-एकला सुटलेला टप्पा आपल्याकडे साडेतीन-साडेचारला सुरू होतो आणि साधारण साडेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान संपतो. मुंबईच्या नोकरदाराला ही वेळ चांगली सोयीची आहे. शेवटचा मोठा चढ संपायच्या पाऊण तास आधी सुरू होतो, त्याच्या आधीचा चढ सातच्या सुमारास. सात वाजता पडद्यासमोर बसलात तरी टप्प्याचा गाभा चुकत नाही.

सातला तुम्ही गाडीतच असाल, तर चालत्या लोकलमध्ये व्हिडिओच्या नादी लागू नका. वाटेत नेटवर्क गेलं की चित्र अडकतं, आणि हल्ला, म्हणजे अचानक वेग वाढवून गटातून निसटायचा प्रयत्न, नेमका तेव्हाच होतो. शर्यतीच्या अधिकृत अ‍ॅपवर मजकुरातून ताजी स्थिती येते. प्रवासात ती पुरते आणि डेटाही कमी खाते. जेवण साडेसातच्या आत उरका, नाहीतर सव्वानऊनंतर वाढा. शेवटच्या चढावर अर्धा मिनिट उठून गेलं तरी परत आल्यावर काय झालं ते कळत नाही.

भारतातले प्रक्षेपणाचे हक्क बदलत असतात. म्हणून शर्यत सुरू होण्याच्या आठवडाभर आधी तिच्या अधिकृत संकेतस्थळावरची प्रक्षेपकांची यादी बघा आणि त्या अ‍ॅपचं किंवा वाहिनीचं काम त्याच आठवड्यात करून टाका. जुलैच्या पावसात केबल आणि ब्रॉडबँड दोन्ही दगा देतात, तेव्हा मोबाइल पूर्ण चार्ज असू द्या.

आदल्या रात्री: आलेख वाचायला शिका

प्रत्येक टप्प्याचा उंचीचा आलेख प्रसिद्ध होतो. आडव्या रेषेवर किलोमीटर, उभ्या रेषेवर उंची. नवख्याला इथे पहिला चकवा बसतो, कारण उभी मोजपट्टी ताणलेली असते आणि साधा चढही भिंतीसारखा दिसतो. चित्र बाजूला ठेवा, आकडे वाचा. चारच आकडे लागतात: चढाची लांबी, सरासरी चढ, माथ्याची उंची आणि माथ्यापासून अंतिम रेषा किती दूर आहे ते अंतर.

8 टक्के चढ म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 8 मीटर वर. एकूण किती चढायचं आहे ते तोंडी काढता येतं: किलोमीटर गुणिले टक्के गुणिले दहा. पिरेनीजमधला तुर्माले लुझ गावाकडून 19 किलोमीटर आणि सरासरी 7.4 टक्के आहे, म्हणजे साधारण 1,400 मीटर चढण. आपला बोरघाट खोपोलीच्या पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत सुमारे 500 मीटर चढतो. एकापाठोपाठ एक तीन बोरघाट धरा, मधे सपाटी नाही, आणि पायथ्याशी पोचेपर्यंत पायांत शंभरेक किलोमीटर आधीच गेलेले. माथ्याच्या उंचीसाठी कळसूबाई डोळ्यांसमोर ठेवा. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर 1,646 मीटर आहे, तुर्मालेचा माथा 2,115 मीटर, आल्प्समधला गालिबिए 2,642. दोन हजारांच्या वर हवा विरळ होते, तितकाच जोर लावायला जास्त दम लागतो, आणि उंचीची सवय नसलेले स्वार अचानक मागे पडतात.

सरासरीवर मात्र भरवसा ठेवू नका. स्पेनच्या आंग्लीरूची लांबी साडेबारा किलोमीटर आणि सरासरी दहाच्या आसपास दिसते. पण पायथ्याकडचा अर्धा भाग सोपा आहे. वरच्या सहा किलोमीटरांची सरासरी 13 च्या घरात जाते आणि काही तुकडे 20 टक्क्यांच्या पुढचे आहेत. फ्रान्सच्या मों व्हाँतूवर बेद्वाँ गावाकडून पहिले पाच-सहा किलोमीटर द्राक्षमळ्यांतून हलके जातात. मग एका वळणानंतर जंगलात सलग नऊ-दहा टक्के, आणि शेवटचे सहा किलोमीटर उघडा, पांढरा, वाऱ्याचा माथा. 2016 साली त्या वाऱ्यामुळेच अंतिम रेषा सहा किलोमीटर खाली आणावी लागली होती. म्हणून दर किलोमीटरचा चढ दाखवणारा वेगळा तक्ता शोधा आणि सर्वांत तिखट सलग तीन किलोमीटरांवर खूण करा. हल्ला बहुधा तिथेच किंवा त्याच्या तोंडाशी होतो.

शेवट माथ्यावर असेल तर कमावलेली सेकंदं वर पोचताच हातात पडतात. माथ्यानंतर 20 किलोमीटर उतार आणि दरी असेल, तर चढावर एकट्याने मिळवलेला अर्धा मिनिट खाली गट हिसकावून घेतो. दुसऱ्या प्रकारच्या टप्प्यात दिग्गज बरेचदा हातचं राखून चढतात. तो दिवस संथ गेला तर टप्पा वाईट होता असं समजू नका.

चिठ्ठी

एका कागदावर एकूण क्रमवारीतले पहिले पाच जण आणि पहिल्यापासूनचं त्यांचं अंतर मिनिटं-सेकंदांत लिहा. प्रत्येक नावापुढे त्याच्या संघातले चांगले चढणारे दोन-तीन मदतनीस लिहा. ते ओळखायला पाठीवरचे क्रमांक मदत करतात. एका संघात आठ जण असतात आणि क्रमांक 1 ते 8, 11 ते 18, 21 ते 28 असे दिलेले असतात. शेवटी 1 असलेला बहुधा संघाचा म्होरक्या. गेल्या वर्षीचा विजेता आला असेल तर 1 क्रमांक त्याला. ही चिठ्ठी जवळ नसेल तर समालोचकाने उच्चारलेली वीस नावं एका कानातून येतात आणि दुसऱ्यातून जातात.

जर्सी थोडक्यात. टूरमध्ये एकूण क्रमवारीत पहिला असलेला पिवळी घालतो. ती 1919 पासून आहे, आयोजक वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जाई म्हणून. जिरोत तीच गुलाबी, तिथल्या गुलाबी कागदाच्या वर्तमानपत्रामुळे. वुएल्तात लाल. टूरची पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी चढांचे सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याची. मुंबई-पुणे सायकल शर्यत माहीत असलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: आपल्याकडे बोरघाट पहिला चढणाऱ्याला जो ‘घाटाचा राजा’ किताब मिळतो, त्याचाच हा तीन आठवड्यांचा अवतार. टूरमध्ये चढ चौथ्या वर्गापासून पहिल्यापर्यंत कठीण होत जातात आणि त्यांच्याही वर ‘वर्गाबाहेरचा’. तिथे पहिल्याला 20 गुण, पहिल्या वर्गाला 10, दुसऱ्याला 5, तिसऱ्याला 2, चौथ्याला 1. घाटाचा राजा आणि एकूण विजेता एकच असेल असं नाही. ठिपकेवाली जर्सी हवी असणारा टप्पा सुटल्यापासून गुण वेचत फिरतो, आणि शेवटच्या चढावर त्याला अर्धा तास गमवावा लागला तरी चालतो.

पडद्यावर तीन शर्यती

सर्वांत पुढे पळालेला गट, ब्रेकअवे. त्यात टप्पा जिंकायला आलेले, गुण वेचायला आलेले आणि मागच्या म्होरक्याचं काम करायला मुद्दाम पाठवलेले, असे तीन जातीचे स्वार मिसळलेले असतात. मधला घोळका म्हणजे म्होरके आणि त्यांचे मदतनीस. सगळ्यांत मागे वेगवान सपाटीवाले, त्यांच्याकडे शेवटी येऊ. पळालेल्यांना चार-पाच मिनिटांची आघाडी दिसली की नवखा धास्तावतो. आधी चिठ्ठी बघा. पळालेल्यांपैकी सर्वांत वरचा स्वार एकूण क्रमवारीत वीस मिनिटं मागे असेल, तर घोळका त्याला खुशाल जाऊ देतो. तो तीन मिनिटं मागे असेल तर पाठलाग होणारच. सपाटीवर जुना ठोकताळा आहे की पाठलाग करणारा घोळका दहा किलोमीटरला एक मिनिट खातो. डोंगरात तो लावू नका, एका तिखट चढावर पाच किलोमीटरांत दोन मिनिटं जातात.

आता मधल्या घोळक्याचं तोंड बघा. एकाच रंगाच्या जर्सीतले तीन-चार जण ओळीने पुढे असतात आणि त्यांच्या मागे त्यांचा म्होरक्या. पहिला मदतनीस जितका वेळ झेपेल तितका वेळ कडक वेग लावतो, मग बाजूला होतो आणि जवळजवळ थांबतोच. मग दुसरा. सपाटीवर ताशी 45 च्या वेगात पुढच्याच्या आडोशाला बसलेल्याची सुमारे एक तृतीयांश मेहनत वाचते. चढावर ताशी 18-20 च्या वेगात हवेचा अडथळा फार कमी उरतो, म्हणून तिथे चाकाला चिकटून लपता येत नाही. मग पुढे मदतनीस कशाला? एक तर वेग इतका चढा ठेवायला की कोणाला उडी मारायचा धीर होऊ नये. दुसरं, प्रतिस्पर्ध्याचे मदतनीस एकेक करून गाळायला. आणि सामोरा वारा असेल तर आडोसा पुन्हा कामाला येतो.

म्हणून शेवटच्या चढावर दर दोन किलोमीटरांनी मोजा: पिवळ्या जर्सीजवळ किती जण उरले, प्रतिस्पर्ध्याजवळ किती. तीन विरुद्ध शून्य झालं की हल्ला जवळ आला. कॅमेरा पुढच्या चेहऱ्यावर असतो, पण नजर ओळीच्या शेपटीवर ठेवा. चाक सुटणं आधी तिथेच दिसतं: पुढच्या चाकात आणि याच्या चाकात सायकलभर फट पडते, तो उभं राहून भरतो, पुन्हा फट पडते. दुसऱ्या फटीनंतर परत येणारे थोडे.

चढावर शक्ती वजनाच्या प्रमाणात बघतात. 65 किलोचा स्वार किलोमागे 6 वॅट लावतो म्हणजे 390 वॅट, आपल्या घरातले जुने छताचे पाच पंखे चालतील इतके. चांगले म्होरके हे अर्धा-पाऊण तास धरून ठेवतात. आल्प्समधला आल्प द्युएझ 13.8 किलोमीटर आणि 8.1 टक्के, म्हणजे जवळपास 1,120 मीटर. तासाला 1,700 मीटर चढण्याच्या दराने त्याला चाळीस मिनिटं लागतात. तिथल्या 21 वळणांवर उलटे क्रमांक लावलेले आहेत, 21 पासून 1 पर्यंत, त्यामुळे किती उरलं ते पडद्यावर सहज कळतं.

हल्ला खरा की हूल

बसूनच वेग वाढवणारा जास्त धोकादायक. उभं राहून मारलेली उडी बरेचदा चाचपणी असते: वीस सेकंद जोर, मग मागे वळून बघणं. ज्याच्यावर हल्ला झाला त्याने लगेच उत्तर दिलं तर तो ताजा आहे असं धरू नका. आपल्या गतीने मिनिटभरात हळूहळू फट भरणारा पुष्कळदा शहाणा असतो.

2022 च्या टूरचा अकरावा टप्पा यासाठी सर्वांत चांगला धडा आहे. तेलेग्राफ आणि गालिबिए या चढांवर एकाच संघाचे रोग्लिच आणि विंगेगार्ड आळीपाळीने हल्ले करत राहिले, आणि पिवळी जर्सी घातलेला पोगाचार प्रत्येकाला स्वतःच उत्तर देत राहिला. गालिबिएवर तो जबरदस्त दिसत होता. पुढचा ग्रानों 11.3 किलोमीटर आणि 9.2 टक्क्यांचा. तिथे शेवटच्या पाचेक किलोमीटरांत विंगेगार्ड निघाला, पोगाचारला हलता आलं नाही आणि तो 2 मिनिटं 51 सेकंद मागे आला. बिल आधीच्या चढावर झालं होतं, वसुली पुढच्यावर.

असं अचानक गळण्याचं दुसरं कारण पोट. आजचे स्वार तासाला 90 ते 120 ग्रॅम कर्बोदकं घेतात, जेल, भाताच्या वड्या आणि बाटलीतलं गोड पाणी मिळून. गारठ्यात किंवा हल्ल्यांच्या धामधुमीत एक-दोन वेळचं खाणं राहिलं की तासाभराने पाय रिकामे होतात. मदतनीस गाडीकडे जाऊन बाटल्या आणतोय का, म्होरक्या खातोय का, हे दरीतल्या शांत भागात बघून ठेवा. त्या भागात बहुतेक प्रेक्षक चहा करायला उठतात.

पुढे पेरलेला गडी

ही युक्ती कळली की डोंगरी टप्प्याची निम्मी गोम कळली. संघ आपला दणकट स्वार सुरुवातीलाच पळणाऱ्या गटात पाठवतो. तो जिंकायला गेलेला नसतो. मागून म्होरक्या हल्ला करून माथा ओलांडतो, तेव्हा हा पुढे दरीत त्याच्यासाठी थांबलेला असतो. सपाटीवर आडोशाची किंमत मोठी, त्यामुळे दमलेला म्होरक्या फुकट ओढला जातो आणि मागे एकमेकांचं तोंड बघणारे प्रतिस्पर्धी मिनिटं गमावतात.

31 मे 2025, जिरोचा विसावा टप्पा. गुलाबी जर्सी इसाक देल तोरोकडे, कारापाझ 43 सेकंद मागे, सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंद मागे. फिनेस्त्रेचा चढ साडेअठरा किलोमीटरांचा आणि वरचे आठेक किलोमीटर कच्च्या रस्त्याचे. येट्स निघून गेला. देल तोरो आणि कारापाझ एकमेकांवर लक्ष ठेवून बसले, पाठलागाचा भार कोणी घ्यायचा हे ठरेना. खाली येट्सच्या संघाचा व्हान आर्ट पुढच्या गटातून मागे येऊन थांबला होता. त्याने दरीत येट्सला ओढलं, येट्सने देल तोरोकडून पाच मिनिटांहून जास्त वसूल केले आणि जिरो जिंकली. याच चढावर 2018 साली फ्रूमने 80 किलोमीटर आधी हल्ला करून याच येट्सची गुलाबी जर्सी घालवली होती. म्हणून टप्पा सुरू झाल्यावर पळालेल्या गटातल्या नावांवर एकदा नजर टाका आणि तुमच्या चिठ्ठीतल्या कोणाचा संघमित्र तिथे बसलाय ते लिहून ठेवा.

पडद्यावरची फट

सेकंदांचं अंतर वेगावर अवलंबून असतं. ताशी 20 च्या चढावर 10 सेकंद म्हणजे 55 मीटर, समोर पाठ दिसते. ताशी 60 च्या उतारावर तेच 10 सेकंद 165 मीटरच्या पुढे जातात आणि वळणांमुळे पुढचा दिसतही नाही. म्हणून चढावर फट छोटी वाटली तरी आकडा वाचा. उपग्रहावरून येणारा आकडा अधूनमधून उड्या मारतो, झाडी आणि बोगद्यात विशेष. लागोपाठ दोन-तीन आकडे एकाच दिशेला जाईपर्यंत काही ठरवू नका.

उतारावर हल्ला फारसा कोणी सांगून करत नाही. पाऊस असेल तर मात्र तिथेच जास्त बघा, वळणाआधी कोण लवकर ब्रेक लावतो ते. सळसळत उतरणाऱ्याला पुढच्या दरीत पाय हलवायला उसंत मिळते.

शेवटचा किलोमीटर आणि त्यानंतर

एक किलोमीटर उरला की लाल कमान येते. अंतिम रेषेवर पहिल्या तिघांना 10, 6 आणि 4 सेकंदांची सूट मिळते, म्हणजे जिंकणारा रस्त्यावर मिळवलेल्या सेकंदांशिवाय आणखी काही कमावतो. चिठ्ठीवर ती वजा करायला विसरू नका. सपाट टप्प्यांत शेवटच्या काही किलोमीटरांत पडलेल्याला गटाचीच वेळ देतात. माथ्यावर संपणाऱ्या टप्प्यात ही सवलत नसते, तिथे पंक्चर झालं तर वेळ गेला तो गेला.

विजेता आल्यावर टीव्ही बंद करू नका. मागे मैदानी वेगवान स्वारांचा मोठा गट एकमेकांना धरून येत असतो, इटालियनमध्ये त्याला ग्रुपेत्तो म्हणतात. त्यांची शर्यत घड्याळाशी. विजेत्याच्या वेळेवर काही टक्के मुदत असते आणि टप्प्याची अवघडता व वेग बघून ती ठरते. विजेत्याला पाच तास लागले आणि मुदत 12 टक्के असली तर 36 मिनिटं. त्यानंतर येणारा घरी जातो. चढावर हे लोक ठरावीक गती धरतात, उतारावर आणि दरीत वेळ भरून काढतात, आणि त्यांच्यातला कोणीतरी अनुभवी सतत हिशेब करत असतो. गट फार मोठा असेल तर पंच त्याला शर्यतीत ठेवू शकतात, पण हिरव्या जर्सीच्या, म्हणजे वेगवान स्वारांच्या गुणस्पर्धेच्या, गुणांतून दंड कापून. 2011 च्या टूरमध्ये मार्क कॅव्हेंडिशला गालिबिए आणि आल्प द्युएझच्या लागोपाठच्या दोन दिवसांत असे 20-20 गुण गमवावे लागले. तरी पॅरिसमध्ये हिरवी जर्सी त्याच्याच अंगावर होती.